वानरसुळक्यावर पहिलं कोण

मार्च १९८४मध्ये विमला तावडे मुरबाडपलीकडच्या वानरसुळक्यावर चढली. त्याआधी त्या माथ्यावर कुणी पोचलं नव्हतं. वाटेतल्या लोखंडी मेखा तिने ठोकल्या, वर दोर तिने बांधला आणि तो दोर धरून तिच्यामागून चंद्रप्रकाश पितळे वर आला. आठवड्याने पेपरात छापून आलं की सुळक्यावर पहिलं पाऊल चंद्रप्रकाशने ठेवलं, 'सोबत एक महिला सदस्य' होती. फोटोही त्याचाच. तो विमलानेच काढला होता.

चंद्रप्रकाश त्यांच्या क्लबचा सेक्रेटरी, अंधेरीच्या एका कंपनीत ऑफिसर. विमला चारकोपच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायची. चहाच्या सुट्टीत शेजारणीने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा तिला कळलं.

शनिवारी बोरिवलीच्या शाळेतल्या एका वर्गात क्लबची बैठक असायची. तिथे तिने सगळ्यांसमोर जाब विचारला. चंद्रप्रकाश आधी म्हणाला, चूक पेपरवाल्यांची. मग ती दुरुस्त का करत नाहीस, असं तिने विचारल्यावर तो चिडला. पोरीच्या मागून वर गेलो असं सांगायचं आणि क्लबचं हसं करून घ्यायचं? दोघेतिघे खरंच हसले. चढाई पाहणारं तिसरं कुणी नव्हतं.

क्लबमध्ये सर्वांत वयस्कर होते अण्णा, सांताक्रूझच्या विमानतळावरून रिटायर झालेले. ते म्हणाले, तुम्ही दोघंच पुन्हा चढा, पुढे कोण चढतं ते मी खालून दुर्बिणीने बघतो. चंद्रप्रकाश लगेच हो म्हणाला. ते विमलाला खटकलं.

घरी आईने पोळीभाजी बांधून दिली, पण तोंड फिरवूनच. "तो तुझा वैरी, आणि त्याच्याच हातात दोर देतलंस?" ती म्हणाली. विमलाने डबा पिशवीत टाकला.

एप्रिलचं ऊन होतं. दोघं सुळक्याच्या खांद्यापर्यंत आले. तिथे माणूस उभा राहील एवढी जागा होती. वर उरले चाळीस फूट, सरळ उभे. विमला कमरेला दोर बांधून पुढे निघाली. तिचा तोल गेला तर दोर रोखून धरायचा, हे खाली उभ्या चंद्रप्रकाशचं काम.

पंधरा फुटांवर दोर ताणला. तिने ढील मागितली. दोर अडकलाय, तो म्हणाला. तिने पुढचं पाऊल टाकलं आणि कमरेला हिसका बसला. पाय सुटला, मेखेला धरून ती कशीबशी टिकली. मग तिने खाली पाहिलं. दोर कुठेही अडकला नव्हता. तो त्याच्या मुठीत होता, आणि तो तिच्याकडे बघत होता.

"तुझं टोक सोड," ती म्हणाली.

"वेडी झालीस? पडलीस तर?"

"तू धरलंयस म्हणूनच पडेन. सोड."

त्याने कमरेची गाठ सोडली. विमलाने सगळा दोर वर ओढला, खांद्यावर घेतला आणि उरलेले पंचवीस फूट तशीच चढली. वर पोचल्यावर ती बराच वेळ पालथी पडून राहिली. मग माथ्यावरच्या मेखेतून दोर दुहेरी टाकून खाली उतरली. चंद्रप्रकाशने वर जायला दोराला हात घातला, तशी तिने दुसरं टोक ओढलं. आख्खा दोर खाली येऊन त्याच्या पायाशी पडला.

"मागच्या वेळी गेलास तेवढं पुरे," ती म्हणाली.

अण्णांनी पाहिलं तसं क्लबच्या वहीत लिहिलं. पेपराने दुरुस्ती छापली नाही. चंद्रप्रकाश चौदा जणांना घेऊन बाहेर पडला, मुलुंडला त्याने नवा क्लब काढला आणि त्यात मुलींना घ्यायचं नाही असं ठरवलं. विमलाकडे आठच जण उरले. त्यांच्याबरोबर तिने पुढच्या चार वर्षांत आणखी तीन नवे सुळके सर केले.

रविवारी कान्हेरीच्या खडकांवर दोन्ही क्लब सरावाला यायचे. मुलुंडची मुलं मुद्दाम तिच्या दोरावरून चालत जायची. पायाखालची रेती दोरात शिरली की तो आतून कापला जातो, हे त्यांना शिकवलेलं होतं. ती दोर उचलून बाजूला घ्यायची. एकदा मात्र चंद्रप्रकाश स्वतः त्यावर येऊन उभा राहिला.

"पाय काढ," ती म्हणाली.

तो क्षणभर थांबला आणि त्याने पाय काढला. त्यानंतर ते एकमेकांशी कधी बोलले नाहीत.