हसवल्याशिवाय न येणारे पूर्वज

जेवणाआधीचा आशीर्वाद द्यायला जुमाकादिर आजोबांनी ओंजळ पुढे केली, दोन वाक्यं बोलले आणि घोरायला लागले. थोरांनी ‘ओमीन’, म्हणजे तथास्तु, म्हटल्याशिवाय आम्हा डोंगरातल्या मेंढपाळांत हात खाली घेत नाहीत. सगळी पंगत हात पसरून बसली. समोर मेंढीचं मटण थिजलं, पण आजोबांना कुणी हलवलं नाही.

“पूर्वजांशी बोलतायत,” आमचा मांत्रिक तोलोमुश कुजबुजला.

“रात्री दहादा उठतात, कोपऱ्यात बघून ओरडतात,” आजोबांची बायको अनारा म्हणाली.

“रात्री दरबार भरतो, वहिनी! मग दिवसा डोळा लागणारच.”

पूर्वजही मोठे चोखंदळ. तोलोमुशनं एखादा चावट किस्सा सांगावा, आजोबांनी खदखदून हसावं, की त्यांचे गुडघे वळायचे, मान लुळी पडायची आणि पूर्वज तोलोमुशच्या तोंडून बोलायला लागायचे. या खेपेला त्यांचा हुकूम झाला, की उन्हाळी कुरणाकडे जाताना खिंडीतून आजोबांनीच घोड्यावर सगळ्यांच्या पुढे चालावं.

“तिथं खाली नदी आहे. घोड्यावरच झोपले तर?” अनारानं विचारलं.

“लगाम पूर्वज धरतील!”

अनाराचा पूर्वजांवर विश्वास होता, पण लगामाच्या बाबतीत नव्हता. तिनं आपली डॉक्टर नात बुरुल हिला बोलावून घेतलं. कुरणाकडे निघायच्या आदल्या दिवशी सगळे चहाला जमले होते.

“आज पूर्वजांना मी बोलावते,” बुरुल म्हणाली. “आजोबा, तोलोमुशकाकांचं गाढव हरवलं तेव्हा ते पूर्वजांकडे गेले की पोलिसांकडे?”

आजोबा खो खो हसले आणि गालिच्यावर कलंडले. तोलोमुशनं चहाचा पेला खाली ठेवला.

थोड्या वेळानं आजोबा उठून बसले. “कुठं गेला होतात?” बुरुलनं विचारलं.

“कुठं जाणार? इथंच होतो. सगळं ऐकू येत होतं, जीभ तेवढी हलेना.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

“जीभ हलेपर्यंत ह्याचे पूर्वज बोलून मोकळे!”

“हा आजार आहे, नार्कोलेप्सी,” बुरुल म्हणाली. “दिवसा झोप आवरत नाही, रात्री सलग लागत नाही. डोळा लागता लागता माणसं दिसतात. हसलं की अंग ढिलं पडतं. औषधानं आराम पडेल. घोडा मात्र बंद.”

तोलोमुश चपला शोधू लागला. आजोबा त्याच्याकडे नाही, आमच्याकडे बघत होते.

“मला वाटायचं, वेड लागलंय,” ते म्हणाले. “रात्री खोलीत माणसं दिसतात म्हणून भीत भीत तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही मलाच वाकून सलाम केलेत.”

 वाकणाऱ्यांत मीही होतो. बाबांनो, घाबरलेल्या माणसाला सलाम करू नका. त्याला काय होतंय ते विचारा आणि दवाखान्यात न्या.