खैऱ्याच्या आडून

काल संध्याकाळी जे काळवीट मारलं, त्याच्या मागावर आज सकाळी जायचं होतं. सहदेवने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. दोन्ही वेळा वकीलसाहेबांनी तेच सांगितलं.

"पण साहेब, मेलं ना ते? तुमच्या जीपमंदीच तं पडून हाये."

"मेलं. पण सिनेमात अजून मेलं नाही," रविकांत वकील म्हणाले. "सिनेमात आधी आपण त्याच्या मागावर जाणार, मग गोळी घालणार. काल उजेड बरा होता, सावज समोर आलं, म्हणून शेवट काढून घेतला. आता सुरुवात काढायची."

"म्हंजे आधी तेरवी आन् मंग बारसं."

कमलाकांत मास्तर कॅमेऱ्याची काच पुसत होते. ते खो खो हसले. सहदेव काही विनोद करत नव्हता, पण मोठी माणसं हसली म्हणून तोही हसला.

हिवरखेडच्या बाहेर, जिथे बागाईत संपून माळ सुरू होतो, तिथे सहदेवचा मळा. वांगी, मेथी, कांदे, आणि माळाच्या अंगाला हरभऱ्याचा एक पट्टा. अमरावतीच्या या नामांकित वकिलांचं तिथे काही काम पडावं असं त्या मळ्यात काहीच नव्हतं. पण वकीलसाहेबांना शिकारीचं वेड. त्यांच्या मुंबईच्या एका मित्राने परदेशी पाहुण्यांना शिकारीला आणण्याची कंपनी काढायचं ठरवलं होतं आणि तिकडच्या लोकांना दाखवायला हरणाच्या शिकारीचे सहा छोटे सिनेमे हवे होते. वारा कसा पाहावा, माग कसा काढावा, जवळ कसं जावं, एकेक सिनेमा म्हणजे एकेक धडा. कॅमेरा होता वकिलांच्या मामेभावाचा. हे कमलाकांत मास्तर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि सुटीत जे दिसेल त्याचं चित्रण करत. असे हे दोघे निघाले होते. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

जवळ कसं जावं, या धड्यापाशी गाडं अडलं. बैलाच्या आडून जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. बैल चरत चरत पुढे सरकतो, माणूस त्याच्या पोटाआड वाकून चालतो, आणि हरणाला वाटतं, गुरं चरताहेत. गावातले चार बैल आणून पाहिले. हरणं चौघांनाही पाहून उधळली. शेवटी पारावर कोणीतरी म्हणालं, "सहदेवच्या खैऱ्याले घेऊन जा ना. त्याले पाहून तं हरणं कानबी हालवत नाईत."

ते खरं होतं. मोटेच्या जोडीतला दुसरा बैल गोठ्यात गुमान कडबा खाई. खैऱ्याला मात्र सकाळी धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, ओलं गवत लागे, त्याशिवाय तो मोटेला मान देत नसे. म्हणून सहदेव रोज उजाडताच त्याचा कासरा धरून धुऱ्याधुऱ्याने फिरवून आणी. त्याच वेळी माळावरचा कळप हरभऱ्यात उतरलेला असे. चौदा-पंधरा हरणी आणि एक काळाभोर नर, लांब पिळाच्या शिंगांचा. सहदेवने त्याचं नाव पटवारी ठेवलं होतं, कारण तोही दर हंगामात येऊन शेत पाहून जाई आणि आपला वाटा घेतल्याशिवाय हलत नसे.

"ए पटवारी! निघ बे! बापाचा माल हाये काय?" सहदेव रोज ओरडे.

पटवारी मान वर करी, खैऱ्याकडे बघे, सहदेवकडे बघे आणि पुन्हा मान खाली घालून खायला लागे. गोफण होती, दगड होते. पण ओरडून झालं की सहदेवला आपलं काम संपल्यासारखं वाटे. घरी वच्छला रोज त्याला फैलावर घेई. "मानसं घाबरत नाईत तुमाले, ते ठीक हाये. हरणंबी घाबरत नाईत!" हरभऱ्याला पाणी द्यायचं यांनी आणि खायचं पटवाऱ्याने, हे तिला मुळीच पटत नव्हतं. आणि तिचं काही चूक होतं असंही नाही.

म्हणून वकीलसाहेब खैऱ्याला मागायला आले तेव्हा वच्छलानेच आधी विचारलं, "साहेब, हे सारं झाल्यावर हरणं येनं बंद होईन काय?"

"एकदा गोळीचा आवाज ऐकला की पुन्हा फिरकणार नाहीत."

"मंग न्या बैल. बैलाच्या मालकालेबी न्या."

सहदेवनेही मान डोलावली होती. ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

तर त्या सकाळी मास्तर कडब्याच्या गंजीत कॅमेरा लपवून बसले. सहदेवने कासरा धरला, वकीलसाहेब खैऱ्याच्या पोटाआड वाकले. बंदुकीत गोळी नव्हती. चुकून चाप ओढला गेला तर सगळा दिवस बोंबलेल, म्हणून मास्तरांनी ती काढून ठेवायला लावली होती. खैऱ्या निघाला. हरभऱ्यात पटवारी होता. त्याने मान वर केली, रोजच्यासारखं पाहिलं आणि खायला लागला.

"पुन्हा एकदा!" मास्तर गंजीतून म्हणाले.

पुन्हा गेले. मग तिसऱ्यांदा. मास्तर सहदेवला म्हणाले, कॅमेऱ्याकडे पाहू नको. मग म्हणाले, तू इथे नाहीसच असं समजून चाल. मी नाही तर कासरा कोणी धरलाय, हे सहदेवला कळेना. पण त्याला गंमत वाटायला लागली होती. काल लांबच्या माळावर कुठलं तरी परकं काळवीट मेलं होतं आणि आपला पटवारी फुकटात त्याचं सोंग वठवत होता. मरणार ते, चालणार हा. हरभरा खाऊन खाऊन निदान एवढं तरी काम केलं लेकाने, असं त्याला वाटलं.

दुपारी विहिरीवर सगळे जेवायला बसले. वच्छलाने भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा आणला होता. काम मनासारखं झालं म्हणून मास्तर खुशीत होते. सहदेवच्या डोक्यात मात्र सकाळपासून एक गोष्ट घोळत होती. शिकल्या-सवरल्या माणसांना ते विचारावं की नाही, हे ठरेना. पोट भरल्यावर त्याला धीर आला.

"साहेब, एक इचारू? कालच्याचं डावं शिंग मोडकं होतं ना? पटवाऱ्याचे तं दोनी साबूत हायेत. मंग सिनेमात शिंग कदी मोडते?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. ते उठून जीपकडे गेले, मागचं गोणपाट वर करून पाहिलं आणि डोक्याला हात लावून परत आले.

"रवी, घोटाळा झाला. हा बरोबर बोलतोय."

"लक्षात येईल कोणाच्या?"

"अरे, बघणारे शिकारी! शिकारी आधी शिंगंच बघतो."

वकीलसाहेबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, सावकाश पाणी प्यायले आणि म्हणाले, "मग हाच मारावा लागेल. संध्याकाळी येतो ना रे तो?"

सहदेवला वाटलं आपण काही भलतंच ऐकलं. "कोन, पटवारी?"

"हो. शेवट पुन्हा काढू."

"पन साहेब, त्याची तेरवी तं झाली ना काल?"

या वेळी कोणी हसलं नाही. सहदेव घाईघाईने म्हणाला, "नाई तं असं करा. आधी दोन नरं भांडले, त्यात शिंग मोडलं, असं दाखवा. मी सांगतो ना, भांडतेत ते."

"सहदेव," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं, "हरणं शेतात नकोत, असं तूच म्हणालास ना?"

"मनलो."

"दर वर्षी हरभरा हाच खातो ना?"

"खाते."

"मग अडचण काय आहे?"

सहदेवने वच्छलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मारू द्या एकदाचा," आणि वकीलसाहेबांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. नाही म्हणायचं तर काहीतरी कारण लागतं. त्याच्याजवळची सगळी कारणं हो म्हणायचीच होती. मी कशाला तोंड उघडलं, एवढंच तो दुपारभर स्वतःला विचारत राहिला. मोट हाकताना त्याचं दोनदा चुकलं आणि पाणी कांद्याऐवजी मेथीत गेलं.

उन्हं कलली तशी पुन्हा तीच तयारी झाली. मास्तर गंजीत, वकीलसाहेब खैऱ्याआड. बंदुकीत आता गोळी होती. कळप हरभऱ्यात उतरला. हरणी कडेला होत्या आणि पटवारी मधोमध, सगळं शेत आपल्या नावावर असल्यासारखा.

कासरा सहदेवच्या हातात होता. खैऱ्याला सवयीने वाट माहीत, तो गवत ओरबाडत पुढे चालला. सहदेव मागे ओढत होता, पण बैल काही अडून राहीना. निम्मं अंतर गेलं तेव्हा सहदेवला एकदम सुचलं. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला,

"ए पटवारी! निघ बे! बापाचा माल हाये काय!"

"चूप!" वकीलसाहेब खालून फिस्कारले.

पटवाऱ्याने मान वर केली. खैऱ्याकडे पाहिलं, सहदेवकडे पाहिलं. ही तर रोजचीच शिवी. त्याने मान खाली घातली आणि खायला लागला.

"निघ! निघ ना रे बाप्पा!" सहदेवचा आवाज चिरकला. तेवढ्यात बार झाला.

खैऱ्या कासरा हिसकून विहिरीकडे पळाला. हरणी उड्या घेत माळापार गेल्या. पटवारी हरभऱ्यातच पडला होता, तोंडात हिरवी फांदी तशीच. वकीलसाहेबांनी सहदेवच्या पाठीवर थाप मारली. "काय रे, सगळं घालवत होतास! पण उलट बरंच झालं. तुझा आवाज ऐकून तो स्थिर उभा राहिला." सहदेव बैलाच्या मागे विहिरीकडे निघाला. आपण ओरडलो म्हणून तो वाचणार होता की ओरडलो म्हणून मेला, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

त्या वर्षी हरभरा मळ्याने कधी पाहिला नव्हता असा आला. वच्छलाने सोले, म्हणजे हरभऱ्याचे ओले दाणे, तेल्हाऱ्याच्या बाजारात विकले, घरी ढीगभर सोलेभाजी केली. सहदेव जेवताना मेथी मागे.

उन्हाळ्यात वकीलसाहेबांचा निरोप आला. अकोल्याला क्लबात ते सिनेमे दाखवणार होते, जोडीने या म्हणून. दोघं मोटारीने गेली. मागच्या बाकावर बसली. अंधार झाला, मशीन घरघरायला लागलं आणि समोरच्या चादरीवर हिवरखेडचा माळ आला.

मग हरभऱ्याचा पट्टा आला आणि त्यात पटवारी. त्याने मान वर केली आणि थेट इकडे पाहिलं. चादरीवर खैऱ्याचे पाय आणि त्यामागे कोणा माणसाचे दोन अनवाणी पाय चालत होते. वरचा माणूस दिसत नव्हता. पटवाऱ्याने मान खाली घातली आणि खायला लागला.

"अवो," वच्छलाने त्याचा दंड धरला, "हा तं जित्ता हाये."

सहदेवने डोळे मिटून घेतले. बार झाला तसे उघडले. चादरीवर एक काळवीट कोसळत होतं. त्याचं डावं शिंग मोडकं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवे लागले. सहदेव बाकांमधून वाट काढत मास्तरांपाशी गेला.

"मास्तर, हा तं पह्यला हाये. दुसरा कोठी गेला?"

"अरे, संध्याकाळचं ते रीळ फार अंधुक आलं," मास्तर हसून म्हणाले. "मग पहिलंच लावून टाकलं. आणि बघ, एवढे शिकारी बसलेत, एकाच्याही लक्षात आलं नाही!"

"कोनालेच नाई?"

"कोणालाच नाही."

सहदेवने मान डोलावली. तिथे चहा होता, बिस्किटं होती. त्याने काही घेतलं नाही. परतीच्या मोटारीत, अकोट मागे पडल्यावर, वच्छला एवढंच म्हणाली, "आपल्याकडेच पाहत होता तो."

पुढच्या हिवाळ्यात हरणं परत आली. नर नव्हता. पाच-सहा हरणी, बुजऱ्या झालेल्या. माणसाला पाहून त्या थांबत तरी, पण लांबून खैऱ्या दिसला की एका उडीत माळापार होत. पहिल्या दिवशी सहदेवने ते पाहिलं आणि बैलाला घेऊन तसाच मागे फिरला.

तेव्हापासून तो खैऱ्याला धुऱ्याने नेत नाही. गावाच्या अंगाने, बाभळींच्या मागून, मोठा वळसा घालून विहिरीवर आणतो. तिकडे गवत नाही. खैऱ्या वाटेत चार ठिकाणी अडून बसतो. ओरडला तर आवाज हरभऱ्यापर्यंत जाईल, म्हणून सहदेव त्याच्या पाठीवर नुसता हात फिरवत उभा राहतो. मोट सुरू व्हायला रोज उशीर होतो.

"आज काहून एवढा वेळ?" एके सकाळी वच्छला विहिरीवरून म्हणाली. तिला हरभऱ्याचा पट्टा तिथून दिसत होता, आणि त्यातल्या हरणीही.

"काई नाई. अडला होता."

वच्छलाने एकदा हरभऱ्याकडे पाहिलं, एकदा बैलाकडे. मग खांद्यावर आणलेला ओल्या गवताचा भारा तिने खैऱ्यापुढे टाकला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "खाऊ द्या आधी. मोट मंग लावा. चाक लय वाजते."

सहदेव तिथेच खाली बसला. खैऱ्या गवत खात होता, तिकडे हरणी हरभरा खात होत्या, आणि सहदेव-वच्छलापैकी कोणीच हरणींवर ओरडलं नाही.