सरदाराच्या बापाची खाट

जुनी झाले म्हणून मी गप्प बसेन, असं कुणी समजू नका, मित्रांनो. मी तुतीच्या लाकडाची एक खाट आहे आणि मला भयंकर राग आला आहे. आज सगळं सांगूनच टाकते.

मला खैरगुल सुताराने घडवलं. आमच्या खोऱ्यातली दारं, पाळणे, खाटा सगळं त्याच्याच हातचं. पण सुतार म्हणून जिरग्यात, म्हणजे टोळीच्या पंचायतीत, त्याला जागा नव्हती. त्याने केलेल्या खाटांवर बसून बाकीचे पठाण न्यायनिवाडा करायचे! त्याचा एकुलता एक मुलगा तोरयाल माझ्यावरच जन्मला. बाळंतपणात आई गेली. बापाने त्याला छातीशी घेऊन माझ्यावरच वाढवलं.

पोरगं शूर निघालं, खोटं कशाला बोलू? त्याने टोळ्या एकत्र केल्या, शत्रूला खिंडीपलीकडे हाकललं आणि खोऱ्याचा सरदार झाला. पण आमच्याकडे वाडवडिलांची नावं सांगितल्याशिवाय सरदारकीची पगडी बांधत नाहीत. मग या शहाण्याने एका मेलेल्या खानालाच बाप करून टाकलं. म्हणे, "मी खानाचा हरवलेला मुलगा. सुताराने मला नुसतं सांभाळलं." डोंबल त्याचं! माझ्या अंगावर जन्मलेलं पोर, आणि मला शिकवतंय!

खैरगुलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने मला नवी दोरी विणली, डोक्यावर घेतलं आणि लेकाला भेट म्हणून त्याच्या बैठकीत नेऊन ठेवलं. खाटेची उशाकडची बाजू वडीलधाऱ्यांची, पायथ्याची नोकरचाकरांची. म्हातारा हक्काने उशाशी बसला.

"ए बाबा, तिकडे पायथ्याशी सरक," तोरयाल म्हणाला, तेही टोळ्यांच्या प्रमुखांदेखत. "सुतार आहे आमचा. वय झालंय, भान राहत नाही."

"फार लाडावून ठेवलंय तुम्ही या लोकांना, सरदार!" एक प्रमुख हसला.

खैरगुल सरकला. मग चहा न पिताच उठला आणि मला पुन्हा डोक्यावर घेऊन घरी निघाला. वाटेत एवढंच म्हणाला, "किती भीत असेल बिचारा पोरगा." अरे, शिवी दे ना त्याला! एक तरी शिवी दे! माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच वर्षी हिवाळ्यात म्हातारा गेला. आमच्याकडे खाटेवरूनच मयत नेतात. त्याचा भाऊ समंदर आणि शेजारी मला खांद्यावर घेऊन निघाले, तोच समोरून सरदार आणि टोळ्यांचे प्रमुख घोड्यांवरून आले. मयत दिसली की अनोळखी माणूसही घोड्यावरून उतरून खांदा देतो. तोरयाललाही उतरावं लागलं. त्याने माझा दांडा खांद्यावर घेतला. त्याचं बोट दांड्यावरच्या जुन्या खाचेवर गेलं, म्हणजे मला ओळखलं होतंच. पण टोळ्यांचे प्रमुख बघत होते ना!

"कोण वारलं?" विचारलं मेल्याने!

समंदरने पुतण्याच्या डोळ्यांत पाहिलं. "एक सुतार होता, सरदार. मूलबाळ नव्हतं त्याला. तुम्ही परके असून खांदा दिलात, फार उपकार झाले."

तोरयालने मान खाली घातली. मग माझा दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि घोड्यावर चढला.

मित्रांनो, बाप जिवंत आहे तोवर त्याला चारचौघांत बाप म्हणा. खांदा काय, रस्त्यावरचा परकाही देतो.