हुओ-वांगचा सढळ हात

शिह हुओ-वांग या गृहस्थाला अज्ञानी म्हणणे हा अज्ञानी माणसांचा अपमान होईल. अज्ञानी माणूस निदान गप्प बसतो. हुओ-वांगने उभी हयात आमच्या लुकांग गावातल्या एका बेकायदा रेडिओ केंद्रावरून काढे विकण्यात घालवली. गुडघे, मूत्रपिंडे आणि पुरुषार्थ यांना एकाच बाटलीत बरे करणारे ते काढे होते. आमच्या डायलिसिसच्या दालनात त्याची जुनी गिऱ्हाइके दोन-तीन तरी असतील, आणि त्याची धाकटी बहीण त्साय-युन ही त्यांतली पहिली.

तिचा पलंग माझ्या पलंगाला लागून. सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही शेजारी शेजारी यंत्राला जोडलेले असतो. बाई सोशिक, पण खाजेपुढे तिचा सोशिकपणा हरला होता. ही खाज पुरळाची नव्हे. वरून कातडी स्वच्छ, आणि तिच्याखाली मुंग्यांचे वारूळ. एका हातात सुया, म्हणून दुसऱ्या हाताने ती बांबूची काठी पाठीवर अशी चालवी की चादरीला रक्ताचे डाग पडत. तळपायांची आग वेगळीच. एका बुधवारी ती मला शांतपणे म्हणाली, "तिंग मास्तर, मी येणं बंद करते. यंत्र थांबलं की माणूस आठ-दहा दिवसांत जातो म्हणतात. तेवढे दिवस खाज सोसेन."

हे डॉक्टर चुआंग यांच्या कानावर गेले. रक्तातले फॉस्फरस आटोक्यात आणणे, कोमट पाण्याची आंघोळ, अंगाला मलम हे सारे करून झाले होते. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी नुसती गुंगी आली होती. आता त्यांनी मज्जातंतूंवरची एक कॅप्सूल सुरू केली, सर्वांत कमी ताकदीची, आणि तीही फक्त डायलिसिस संपल्यावर. त्याचे कारण त्यांनी दोघा भावंडांना बसवून सांगितले. हे औषध अंगाबाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम. तिची मूत्रपिंडे ते करीत नाहीत, म्हणून यंत्र धुऊन काढीपर्यंत ते अंगातच साठून राहते. काही आठवड्यांत बांबूची काठी पिशवीतच राहू लागली. पाय अजून जळत होते, पण झोप लागत होती.

हे यश हुओ-वांगला सोसवले नाही, कारण ते त्याचे नव्हते. दुर्दैवाने मध्यंतरी त्याला नागीण झाली, आणि त्याच्या डॉक्टरने त्याला नेमके हेच औषध दिले, भरपूर ताकदीचे, दिवसातून तीन वेळा. दोन पाकिटांवरचे एकच नाव वाचून त्याने जो सिद्धान्त मांडला, तो साऱ्या दालनाला ऐकावा लागला. रेडिओवरचा आवाज अजून बसलेला नाही. डायलिसिसवाल्यांवर सरकारी विम्याचा इतका खर्च होतो की औषधात हात आखडता घेतला जातो, आणि धडधाकट माणसाला जे पोटभर मिळते ते त्याच्या बहिणीला चिमूटभर, असा तो सिद्धान्त. डॉक्टरांचे कारण मी त्याला पुन्हा समजावले. मास्तर लोकांना छापलेले सगळे खरे वाटते, असे म्हणून तो हसला.

पुढच्या सोमवारी, शनिवार-रविवारच्या खंडानंतर, त्याने तिला व्हीलचेअरवरून आणले. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड, आणि हात पुढे धरायला सांगितला की पंजा झटका खाऊन खाली पडे. वेगळे काही घेतले का, असे परिचारिकेने विचारले. तो नाही म्हणाला. अर्धांगाचा झटका असावा, मोठ्या इस्पितळात हलवावे, अशी बोलणी सुरू झाली.

या मासल्याच्या माणसाकडून कबुली कोणालाही मिळत नाही. फुशारकी मात्र कोणालाही मिळते. मी म्हणालो, "हुओ-वांग, झोप मात्र छान लावली हो डॉक्टरांनी."

"डॉक्टरांनी?" तो फणकारला. "त्यांच्या चिमटीनं कुणाला झोप लागते, मास्तर? माझ्यातल्या कॅप्सूल दिल्यात मी तिला. शुक्रवारपासून, तिन्ही वेळा. तेव्हा कुठं बाईचं खाजवणं थांबलं."

डॉक्टर चुआंग त्याच्या मागेच उभे होते.

त्यांनी तिला ताबडतोब यंत्रावर घेतले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवले. दुपार कलता कलता तिने डोळे उघडून मला वार विचारला. डॉक्टर हुओ-वांगवर चिडले नाहीत. हा संयम मला अस्थानी वाटला आणि अजूनही वाटतो.

भीती मात्र बाईच्या मनात बसली. आता ती छोटी कॅप्सूलसुद्धा घेईना. वारूळ पुन्हा जागे झाले, आणि एका शुक्रवारी तिचा पलंग रिकामाच राहिला. सोमवारी ती आली ती सुजलेल्या चेहऱ्याने, धापा टाकत. भाऊ सोबत होता, आणि त्याच्या हातात कसल्याशा मुळीच्या चूर्णाची डबी. यंत्र सुटल्यावर डॉक्टरांनी तीच जुनी, कमी ताकदीची कॅप्सूल मागवली. दर वेळी इथेच, परिचारिकेच्या हातून घ्यायची. घरी काही न्यायचे नाही, असे ते म्हणाले. परिचारिकेने कॅप्सूल त्साय-युनच्या तळहातावर ठेवली.

"आ-युन, ऐक माझं," हुओ-वांगने सुरुवात केली. "हे विष आहे. मी सांगतो ना."

"खाज मला सुटते, दादा," ती म्हणाली. "तुला नाही. तू बाहेर बस."

तिने पाण्याच्या मोजक्या घोटाबरोबर कॅप्सूल गिळली. तो बाहेर जाऊन बसला, आणि थोड्याच वेळात कुणाच्या तरी सुनेला औषधाची मात्रा कशी नाजूक गोष्ट असते हे तो समजावत असल्याचे आत ऐकू येऊ लागले.

बुधवारी ती बसने आली, एकटी.