पेपरच्या दिवशी सत्कार

सत्यभामा जीवनच्या मागं मोटारसायकलवर बसली, तेवढ्यात तिच्या रेल्वेतल्या विजयसिंह साहेबांचा फोन आला.

“बाई, नवं जाकीट घालून स्टेशनवर या. नव्या गाडीच्या स्वागताला आपले नेते विठ्ठलराव येणार आहेत. गुच्छ द्यायला लेडीज स्टाफ पाहिजे म्हणतात.”

“साहेब, आज माझा पेपर हाय. रजा तुमीच दिलीया.”

“दिली होती, आता रद्द केली. पेपर पुढच्या वेळी देता येतो. आला नाहीत तर गैरहजरी लावतो.”

फोन बंद. सत्यभामाच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. जीवन हळूच म्हणाला, “जाऊन ये. नोकरीच गेली तर डिप्लोमा काय चाटायचा?” नवऱ्याचं खरं होतं, म्हणून तिला त्याचाही राग आला.

ती लिंबागणेश गावच्या राधाकिशनची थोरली लेक. बाप मेंढरं राखायचा. ती रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये लागली, तेव्हा ‘बाईमाणूस रुळावर सब्बल मारणार व्हय?’ म्हणून भावकीनं तोंडं वाकडी केली होती. तिनं ती लोखंडी सब्बल मारली, खडी भरली, उन्हातान्हात रुळाखालचे स्लीपर सरकवले. पण वळणावर एक रूळ उंच का असतो, असं विचारलं की साहेब म्हणायचे, “तुम्ही खडी भरा.” ह्या ‘खडी भरा’चाच तिला संताप आला आणि तिनं रेल्वे इंजिनीअरिंगच्या अर्धवेळ डिप्लोमाला नाव घातलं. संध्याकाळी आणि रविवारी बीडला तास, बाकी दिवस रुळावर. दुपारी गँग बाभळीखाली आडवी झाली की ही पुस्तक काढून बसायची. आजचा पेपर शेवटचा होता, आणि तोही रूळ बांधणीचा.

स्टेशनवर मांडव, कर्णे, फुगे. विठ्ठलरावांचा पत्ता नव्हता. केशरी जाकिटात घामानं निथळत ती गुच्छ धरून उभी राहिली. गँगचे मुकादम मुंजाजी पाण्याची बाटली घेऊन आले.

“पोरी, घोटभर पी.”

“उतरत न्हाई मामा. तिकडं आता पेपर वाटला आसंल.”

मुंजाजी बाटली तिच्या पायाशी ठेवून गेले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा विठ्ठलरावांच्या गाड्या आल्या. गाडीला झेंडा दाखवून झाला, हार झाले, भाषण सुरू झालं. “आपल्या बीड जिल्ह्याच्या लेकी शिकल्या पाहिजेत! इंजिनीअर झाल्या पाहिजेत!” टाळ्या पडल्या. तेवढ्यात विजयसिंह साहेब पुढं सरसावून म्हणाले, “साहेब, ह्या आमच्या बाई काम करून इंजिनीअरिंग शिकतात. आम्ही लई सहकार्य करतो.”

“वा! ताई, बोला की दोन शब्द.”

माईक हातात आला. सत्यभामा थेट विठ्ठलरावांकडं वळली.

“माझा पेपर आत्ता चालू हाय. तिकडं माझा बाक रिकामा हाय. मंजूर रजा सकाळी रद्द झाली, कावून? तर तुमाला गुच्छ द्यायला बाई पायजे. लेकी शिकाव्या म्हणता, मग ह्या लेकीला इथं कशाला डांबलं? एखाद्या गड्यानं गुच्छ दिला आसता तर फुलं सुकली आसती का?”

गुच्छ तिनं टेबलावर आपटला. विजयसिंह साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण विठ्ठलराव मुरलेले पुढारी. ते खदखदून हसले. “बघा, कशी वाघीण हाय आमची लेक! वाजवा टाळ्या!”

आणि लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी तिच्या अंगाची लाही झाली. तिच्या रागाचाही त्यांनी कार्यक्रम करून टाकला होता.

जाकीट न काढताच ती मांडवाबाहेर पडली. जीवननं बीडपर्यंत गाडी दामटली. केंद्राचं फाटक बंद होतं, वॉचमननं हात जोडले. पेपर सुटल्यावर तिनं एका मुलीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि रस्त्याकडेला उभ्या उभ्या वाचली. एक प्रश्न असा नव्हता, जो तिला आला नसता. मग मात्र तिच्या तोंडून अशी शिवी निघाली, की जीवन इकडंतिकडं बघायला लागला.

पुढं व्हायचं तेच झालं. वरिष्ठांसमोर उद्धट वागल्याबद्दल साहेबांनी तिच्याकडं खुलासा मागितला. मुंजाजी स्वतः साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. “रजा माझ्यासमोर दिलती तुमी. चौकशीत मी तेच सांगणार.” म्हाताऱ्याची सेवा संपत आली होती, त्यानं कशाला भ्यावं? चौकशी झाली नाही. सत्यभामाची बदली मात्र लांबच्या गँगमध्ये झाली. घरून निघायचं तर आता अंधारात उठावं लागायचं.

हिवाळ्यात तिनं तोच पेपर दिला आणि पहिल्या वर्गात पास झाली. राधाकिशननं वाडीवस्तीवर पेढे वाटले. ती हसली, पण पोटातला राग काही विझला नाही. एका दुपारपायी अर्धं वर्ष गेलं होतं, आणि ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

पुढच्या महिन्यात तिनं खात्यातल्या वरच्या पदाच्या परीक्षेसाठी रजा मागितली. नवे साहेब मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, “बघू.”

“बघू न्हाई, साहेब,” ती खुर्ची ओढून समोर बसली. “हो का न्हाई, आत्ताच सांगा. मी थांबते.”