शकुबाईचं वैरागर

सरकारी खाणखात्याच्या साहेबांनी धानाच्या बांधीच्या कोपऱ्यातली गोटाळ माती टोपलीत घेतली, शेजारच्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाण्यात खळखळ धुतली आणि उरलेले खडे तळहातावर पसरून उन्हाकडे धरले. शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या शकुबाईनं पदर दातात धरला. खड्यांत चमकणारं काही नव्हतं. साहेबांनी ते फेकून दिले तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

साहेब शेजारी उभ्या असलेल्या बापूजी मास्तरांकडे वळले.

"पटवाऱ्याच्या कागदावर या शेताचं नाव वैरागर असं आहे. म्हणजे काय हो, मास्तर?"



बारा वर्षं मास्तरांनी या जंगलगावात मास्तरकी केली, पण असा प्रश्न एकाही माणसानं कधी विचारला नव्हता. तपासणीला येणारे अधिकारी हजेरी पाहत, कोंबडी खात आणि चालू लागत. आणि हा प्रश्न तर मास्तरांच्या अगदी हक्काचा! मागच्या श्रावणात पोथी सांगताना हा शब्द आला, तेव्हा त्यांनी अख्ख्या देवळाला समजावून सांगितलं होतं: वज्र म्हणजे हिरा, आकर म्हणजे खाण, वज्राकर लोकांच्या तोंडी झिजत झिजत वैरागर झाला. वैरागर म्हणजे हिऱ्यांची खाण. लोकांनी माना डोलावल्या. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की शकुबाईच्या शेताचं नाव हेच, आणि डोलणाऱ्या माना थांबल्या.

पाच कोसांवरच्या वैरागडला राजांच्या काळी हिरे निघत, हे गावातलं पोरही सांगे. त्या खाणी केव्हाच बुजल्या होत्या. आता चांदा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष झालं होतं आणि नवं सरकार हिऱ्यांच्या नव्या जागा शोधत होतं.

खाण सापडली की शेत जाणार. शकुबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी मोहाची फुलं वेचताना अस्वलाच्या तावडीत सापडून गेला. ही दीड एकराची बांधी सोडली तर तिच्याजवळ फक्त हातपाय होते. सकाळीच ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"मास्तर, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाई, हे मले मालूम हाय. आजच्या रोज तेवढा भिजू द्या जी."

मास्तरांना ते फार लागलं होतं, कारण ते खरं होतं.

साहेब वाट पाहत होते. पुण्याकडचे, चष्मेवाले, साध्या शाळामास्तरालाही 'अहो' म्हणणारे. उत्तर मास्तरांच्या जिभेच्या टोकावर व्युत्पत्तीसकट तयार होतं. शकुबाई त्यांच्याकडे पाहतही नव्हती. धानाच्या लोंबीतला एकेक दाणा सोलून ती मातीत टाकत होती.

"मले नाई मालूम," मास्तर म्हणाले. अधिकाऱ्यांपुढे ते नेहमी पुस्तकी बोलत. आज मात्र घरची बोलीच तोंडातून निघाली.

"तुम्हाला नाही? अहो, मास्तरांना अडेल असा शब्द नाही, असं आरमोरीपासून ऐकत आलो मी."

"लोक उगाच म्हणतात, साहेब."

मास्तरांचे कान तापले. साहेबांनी पिशवीतून वही काढली आणि टाकासकट त्यांच्यापुढे धरली.

"मग तसं लिहून द्या. वरच्या कचेरीत एकट्या माझ्या शब्दाला किंमत नाही. गावच्या शिक्षकाची सही असली की पुढं कोणी विचारत नाही."

अडाणीपणाचा दाखला, आणि तोही स्वतःच्या हातानं! मास्तरांना रडू यायचंच बाकी राहिलं. त्यांनी धुऱ्यावर बसून, वही मांडीवर घेऊन कोरं पान शोधलं. त्याच्या अलीकडच्या पानावर आठ दिवसांपूर्वीची तारीख होती. खाली साहेबांचं बारीक अक्षर: 'वैरागर. मूळ शब्द वज्राकर. अर्थ, हिऱ्यांची खाण. या नावाचं शेत आढळल्यास खणून पाहणे.'

मास्तरांनी मान वर केली. साहेब शकुबाईशी बोलत होते.

"बाई, दुसरं शेत कुठं आहे तुमचं?"

"दुसरं नाई जी. हेच."

"कापणी कधी?"

"आठ रोजानं."

साहेबांनी उभ्या धानाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मांडीवर कोणतं पान उघडं आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"लिहा ना, मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "शाई वाळेल."

मास्तरांनी लिहिलं, 'या नावाचा अर्थ गावात कोणासही ठाऊक नाही.' खाली सही केली. अक्षर मोत्यासारखं उतरलं. साहेबांनी वही घेतली, ओळ वाचली, अलीकडचं पान अलगद फाडून खिशात घातलं आणि रामराम करून जीपकडे निघाले.

जीप वळणाआड गेल्यावर शकुबाई उठून मास्तरांजवळ आली.

"मास्तर, साहेबाले काई समजलं काय जी? थो कागद काऊन फाडला त्यानं?"

गावभर सांगत फिरावं अशी गोष्ट मास्तरांच्या हाती लागली होती. त्यांनी धोतराला चिकटलेलं कुसळ काढून टाकलं.

"मले नाई मालूम, बाई," ते म्हणाले. या खेपेला ते सोपं गेलं.