एकनिष्ठ मालक

केझायाने मालकाची तोंडभर स्तुती केली आणि तीच तिच्या मुळावर आली.

तिची नऊ वर्षांची पोर, टेंपी, मालक लुइव्हिलला भाचीच्या लग्नात आंदण देणार होता. म्हणून मायलेकी दोन दिवस चालत केंटकीतल्या या फौजेच्या छावणीत आल्या होत्या. निळे डगलेवाले देश एक राखायला आणि गुलामगिरी मोडायला लढताहेत, असं तिने जेवणघरात वाढताना ऐकलं होतं. पण ऐकलं ते अर्धवटच.

टेबलामागच्या कॅप्टनने विचारलं, "मालक कुणाच्या बाजूचा?"

साहेब खूश होईल म्हणून ती म्हणाली, "तुमच्याच, साहेब. थ्रेलकेल्ड मालकांच्या ओसरीवर तुमचंच निशाण असतं. पक्के एकनिष्ठ आहेत."

कॅप्टनने लेखणी खाली ठेवली. "मग मला तुला ठेवता येत नाही, बाई. देश फोडणाऱ्या एखाद्या बंडखोराची गुलाम असतीस तर आसरा दिला असता. एकनिष्ठ माणसाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."

केझायाला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "त्यांचा धाकटा लेक बंडखोरांत आहे, साहेब."

"हे आत्ता आठवलं का?" तो ओशाळून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा चांगुलपणा घेऊन काय चाटायचंय?

मागे रांगेत उभी असलेली मरिंडा, तीही अशीच पळून आलेली, सगळं ऐकत होती. आपली पाळी येताच तिने आपल्या मालकाला बंडखोरांचा म्होरक्याच करून टाकलं. खरंखोटं देव जाणे, पण तिला आत घेतलं. केझायाने तिला कुंपणाशी गाठलं.

"माझी पोर तुझी म्हणून ने गं. पाया पडते."

"माझं एक नाही राहिलं," मरिंडा म्हणाली. "आण इकडे."

"तू मला ओळखत नाहीस, कळलं?" केझायाने टेंपीला बजावलं. पोरीने मान हलवली.

फाटकाबाहेर थ्रेलकेल्ड माग काढत येऊन गाडी घेऊन उभाच होता. "पोरगी कुठाय?" त्याने शांतपणे विचारलं.

"वाटेत तापाने गेली, मालक. नदीकाठी पुरली."

"अरेरे, केझी," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मग त्याने गाडीवानाला दोर काढायला सांगितलं.

टेंपीने कुंपणाआडून बाकी सगळं निमूटपणे पाहिलं असतं, पण आईचे हात बांधताना तिला पाहवेना. ती मरिंडाचा हात झटकून धावत सुटली. पहारेकरी आत येणाऱ्यांना अडवायला होते, बाहेर जाणाऱ्यांना कोण अडवणार? तिने येऊन आईच्या कमरेला मिठी मारली.

"माझ्या आईला बांधू नका," ती रडत म्हणाली.

थ्रेलकेल्ड केझायाकडे बघत राहिला. पोरीला दूर ढकलायला तिचे हात मोकळे नव्हते.

"ही कोणाची पोर, मला ठाऊक नाही, मालक," ती म्हणाली.